‘वॉकर’ आडनावाच्या अर्थाविषयी खुलासा

‘वॉकर’ आडनावाचे लोक पायी निरोप पोहोचवणाऱ्यांचे वंशज असून ‘चालणारा’ हाच त्या आडनावाचा अर्थ आहे, असे सांगणारा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

हे आडनाव कापडाच्या धंद्यातून आले. मागावरून उतरलेले लोकरी कापड विरळ आणि लोकरीतल्या तेलामुळे चिकट असे. ते घट्ट व स्वच्छ करण्यासाठी पाणी, शिळे मूत्र किंवा मुलतानी मातीसारखी माती घालून हौदात तासन्‌तास पायांनी तुडवावे लागे. या तुडवणाऱ्याला जुन्या इंग्रजीत ‘वेल्करे’ म्हणत आणि त्याचेच पुढे ‘वॉकर’ झाले. म्हणजे पायांचा संबंध आहे, पण रस्त्याचा नाही!

याच कामावरून इंग्लंडच्या आग्नेय भागात ‘फुलर’ आणि नैऋत्येत ‘टकर’ ही आडनावे पडली. ‘वॉकर’ प्रामुख्याने मध्य व उत्तर इंग्लंडमधले. तुडवण्याचे काम पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांकडे जाऊ लागले होते, आणि 1185 च्या टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या मालमत्तेच्या नोंदीत अशा चक्क्यांचा उल्लेखही सापडतो. तरीही धंद्याचे नाव आडनाव होऊन टिकले.

त्या फिरणाऱ्या मजकुरात पुरावा म्हणून दिलेले जॉनी वॉकर व्हिस्कीच्या बाटलीवरचे ढांगा टाकणारे चित्र 1908 मधले आहे. जाहिरातदाराने आडनावावर केलेली ती कोटी आहे, व्युत्पत्ती नव्हे.