गाशेंचं एचिंग ही ‘प्रत’ नव्हे

नमस्कार.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने आपले डॉक्टर पॉल गाशे यांचं जे व्यक्तिचित्र एचिंगमध्ये, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापून केलं, त्यावरचा माझा लेख तुम्ही वाचलात. ‘डॉ. गाशेंच्या एचिंगवर एवढं लिहायचं कारण काय? ती तर छापील प्रत, आणि रेघाही गचाळ,’ असं तुम्ही म्हटलंत. आधी माझी चूक: संग्रहालयातल्या छापाला मी लेखात ‘एकमेव’ म्हटलं, ते चुकलंच. एकमेव आहे ती प्लेट. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने आयुष्यात एचिंग केलं ते हेच. छाप मात्र साठेक तरी आहेत, आणि त्यातले बरेचसे तो गेल्यावर गाशेंच्या घरी काढलेले.

पण ‘प्रत’ म्हणजे कशाची प्रत? तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देतात, सुईने रेघ ओढली की तेवढंच तांबं उघडं पडतं आणि अॅसिड तेवढंच खातं. मग शाई भरायची, पत्रा पुसायचा, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. चित्र पूर्ण होतं ते या कागदावरच. मित्राच्या स्टुडिओत मी एकदा प्लेट पुसली होती. कापडाचा एक हात जास्त फिरला आणि गालावरची सावली पार गेली. पुढच्या छापाला हात हलका ठेवला, तर सगळा चेहरा धुरकट. प्लेट तीच, माणूस वेगळा. गाशेंचे छाप तर काळ्या, तपकिरी, हिरव्या अशा निरनिराळ्या शायांत आहेत.

आता रेघांचं. 20 मे 1890 ला व्हिन्सेंट पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी आला, गाशे तिथेच राहत. गाशे स्वतः ‘पॉल व्हान रिसेल’ या नावाने एचिंग करत, प्रेस घरातच होता. व्हिन्सेंटने सुई धरली ती पहिल्यांदाच. कोटावर बघा: सावलीसाठी जाळी विणत बसलेला नाही, बोरूच्या चित्रांतले तेच तुटक, घाईचे फटकारे आहेत. गाशेंच्या तोंडात पाइप, आणि डोळे? इतके थकलेले की त्यांच्याकडे फार वेळ बघवत नाही. सफाईदार रेघेत हा थकवा मला तरी दिसला नसता. थिओनेही छाप पाहून भावाला कळवलं होतं, की यात कारागिरीची नजाकत नाही, पण हे खऱ्या चित्रकाराचं एचिंग आहे आणि आपल्याला ते फार आवडलं. त्यानंतर पाचेक आठवड्यांनी, 29 जुलैला, व्हिन्सेंट गेला.

तुम्ही पुन्हा एकदा तो छाप बघाच. काचेसमोर जरा तिरपं उभं राहा, म्हणजे कागदात दबलेली प्लेटची कड दिसेल. ‘एकमेव’ हा शब्द लेखातून काढला आहे.