शेपूट पुढे, म्हैस मागे

‘बँकेत मॅनेजर आहे’ म्हटलं की मराठीत विषय संपला. सप्तमीचा एवढासा ‘त’ विभागालाही पुरतो आणि कंपनीलाही. इंग्रजीत नोकरीचा अर्ज लिहायला बसलं की तोच ‘त’ इन, ॲट, फॉर, विथ अशी चार सोंगं घेऊन येतो, आणि येतो तोही नामाच्या आधी. आपण घाबरून सगळीकडे ‘इन’ ठोकतो.

विभागाला ‘इन’, कंपनीला ‘ॲट’, एवढं धरलं तरी निम्मा अर्ज सुधारतो. ‘फॉर’ म्हणजे पगार कोण देतं ते. ‘विथ’ही कंपनीलाच लागतो, फक्त त्यात भागीदार असल्याचा थोडा आव असतो. माझा खरा राग ‘अंडर’वर आहे. ‘वर्किंग अंडर जनरल मॅनेजर’ वाचलं की मला माणूस टेबलाखाली बसलेला दिसतो. त्याला वर काढून ‘रिपोर्टिंग टू’ लिहावं.

बाकीचे घोटाळे मराठीतूनच जातात. आपण कंपनी‘त’ रुजू होतो, म्हणून ‘जॉइन्ड इन द कंपनी’. या ‘जॉइन’ला मध्यस्थ चालत नाही: ‘जॉइन्ड द कंपनी ॲज अ क्लर्क’. बढती मॅनेजर ‘म्हणून’ मिळते, म्हणून ‘प्रमोटेड ॲज’. तिथे हवा ‘टू’.

हा ‘टू’ भलता बेरकी. ‘असिस्टंट मॅनेजर’ हा स्वतः साहेब. ‘असिस्टंट टू द मॅनेजर’ हा साहेबाच्या मीटिंगा सांभाळणारा. म्हणून ‘टू’ला हलका समजू नये. ‘सेक्रेटरी टू द मॅनेजर’ पत्रं टाइप करतो, ‘सेक्रेटरी टू द गव्हर्नमेंट’ अख्खा विभाग चालवतो. वजन ‘टू’च्या पुढे कोण बसलंय त्याचं.

यात तर्क शोधायला जाल तर राज्यघटना उघडा. कलम 76 मध्ये ‘ॲटर्नी जनरल फॉर इंडिया’, आणि कलम 148 मध्ये कॅग, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षक, मात्र ‘ऑफ इंडिया’. दोघांचा देश एकच! तेव्हा हुद्दा नेमणूकपत्रात छापलाय तसाच उतरवावा, सुधारू नये.

सहीखाली तर स्वल्पविराम देवासारखा धावून येतो: ‘मॅनेजर, सेल्स’. ना ऑफ, ना इन. वाक्यात ही पळवाट अवघडते. तिथे सरळ ‘सेल्स मॅनेजर’ असं उलटवून टाकावं. कंपनीच्या नावाआधीचा ‘ॲट’ मात्र तरीही लिहावाच लागतो.