वसुंधरा दिनाचं पनीर आणि गेटबाहेरची टोपली

आज वसुंधरा दिन. ठाण्यातल्या एका सोसायटीच्या गेटवर सकाळीच कागद लागला: ‘वसुंधरा दिनानिमित्त आज आवारात मटण-मासळी विक्रीस बंदी. मांसाहार टाळा, पृथ्वी वाचवा.’ वार बुधवार. नेहमीच्या कोळीणमावशी दहा वाजता आल्या आणि वॉचमनने कागदाकडे बोट दाखवलं. पंधरा किलोची टोपली, वर ओलं गोणपाट, खाली बांगडे आणि मांदेली, मधे बर्फाचा चुरा. एप्रिलचं ऊन. तासाभरात बर्फाच्या पाण्याचा ओघळ फुटपाथवरून गटारापर्यंत गेला. बांगड्याचा डोळा धुरकटला की भाव बसतो, हे त्यांना कुणी सांगायला नको. मिळेल त्या भावाला टोपली मोकळी करून बाराच्या आत त्या उठून गेल्या.

आणि आत दुपारी दोनशे माणसांचं वसुंधरा दिनाचं जेवण. पनीर टिक्का, पनीर माखनवाला, बासुंदी.

खाणं ज्याचं त्याचं. श्रद्धेने जो मासळी खात नाही त्याच्याशी माझा वाद नाही, कधीच नव्हता. पण पृथ्वीचं नाव पुढे करून एका बाईची रोजी अडवायची असेल, तर हिशोब पुरता मांडा. अर्धा नको.

दोनशे माणसांना माणशी शंभर ग्रॅम धरलं तर २० किलो पनीर. म्हशीच्या दुधाचं एक किलो पनीर पडायला साधारण पाच लिटर दूध लागतं, गाईच्या दुधाचं केलं तर सहा-सात. म्हणजे कमीत कमी १०० लिटर दूध. पृथ्वी तापवणारे सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात धरले (पुढे त्यालाच नुसतं कार्बन म्हणतो), तर दुधाची जागतिक सरासरी लिटरमागे साधारण ३ किलो येते. झाले ३०० किलो. बासुंदीचं ४० लिटर वेगळं, त्याचे १२० किलो. शिवाय ते दूध निम्म्याखाली आटवायला तीनेक किलो गॅस जळतो तो निराळाच.

आता बाहेरची टोपली. पंधरा किलो मासळीतून काटा-डोकं जाऊन आठ-साडेआठ किलो खाण्याजोगं उरतं. थव्याने फिरणारी ही मासळी एका जाळ्यात भरपूर येते, त्यामुळे टनामागे डिझेल कमी जळतं. वाईटात वाईट धरून किलोला ४ किलो कार्बन मोजला तरी टोपलीचे होतात पस्तीसच्या आत. प्रोटीन पनीरइतकं यावं म्हणून टोपली दुप्पट केली तरी सत्तर.

सत्तर गेटबाहेर. तीनशे पंगतीत.

हे असं का होतं, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी ‘मांसाहार टाळा, पृथ्वी वाचवा’चा मेसेज फॉरवर्ड करताना हात थांबेल. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईचं शंभर लिटरच्या वरचं. कडबा, गवत तिथे जिवाणू आंबवतात. आंबवताना हायड्रोजन सुटतो आणि तिथलेच काही सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करतात. हा मिथेन शेणावाटे जातो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तो जवळजवळ सगळा ढेकरेतून, तोंडावाटे बाहेर पडतो. एक दुभती म्हैस वर्षाला साधारण ५० ते ८० किलो मिथेन सोडते. वीस वर्षांच्या मापाने मोजलं तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ ८० पट तापवतो. पण हवेत तो टिकतो मात्र बाराएक वर्षंच. म्हणून इथे केलेल्या कपातीचा गुण आपल्या हयातीत दिसतो. कोळशाच्या धुराचं तसं नाही.

बांगड्याला कोटीपोट नाही. कोंबडीलाही नाही. हवामानाच्या हिशोबात रेघ ओढायची तर ती पाकिटावरच्या शाकाहाराच्या हिरव्या आणि मांसाहाराच्या तपकिरी खुणेच्या मधून जात नाही. ती जाते रवंथ करणारं जनावर आणि बाकी सगळं यांच्या मधून. २०१८ साली जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या दोन संशोधकांनी ११९ देशांतल्या अडतीस हजारांवर शेतांची आकडेवारी एकत्र करून ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात मांडली. शंभर ग्रॅम प्रोटीनमागे, कार्बन डायऑक्साइडच्या मापात: मांसासाठी पाळलेल्या गाईगुरांचं मांस ५० किलो, मेंढी-शेळीचं मटण २०, चीज ११, कोंबडी ५.७, अंडी ४.२, शेंगदाणे १.२, कडधान्यं एकाच्याही खाली. पनीर त्या यादीत नाही, पण वरच्या दुधाच्या हिशोबाने ते सव्वाआठच्या आसपास बसतं. चीजखाली, कोंबडीच्या वर.

म्हणजे मटणवाल्यांनाही सुटका नाही. दर रविवारी किलोभर मटण आणणाऱ्या घराचा आकडा पनीरपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि तो मोठा आहे असं म्हणायला लाजायचं कारण नाही. रविवार महिन्यातून एकदा करा, बाकीचे तीन अंड्याच्या रश्श्यावर काढा. कोंबडी चालेल, ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत दोन किलोची होते आणि किलोभर वजनाला पावणेदोन किलोच्या आतबाहेर खाद्य खाते. त्या खाद्यातला मका आणि सोयापेंड शेतातून येते, हे खरंच, पण ढेकर नाही. आणि मासळी म्हणजे सगळीच स्वच्छ असंही नाही. तळ खरवडणारा कोळंबीचा ट्रॉलर टनामागे हजार लिटरच्या वर डिझेल जाळू शकतो. बांगडा, तारली, मांदेली घ्या. लहान पिल्लं विकायला आली तर घेऊ नका.

भारतात माणशी मांस वर्षाला सातेक किलोच्या आसपास, अमेरिकेत शंभराच्या वर. तेव्हा आपल्याला कुणी शिकवू नये, हे मान्य.

पण दुधात आपण जगात पहिले. २०२३-२४ मध्ये २३ कोटी ९० लाख टनांच्या वर. २०१९ च्या पशुगणनेत गाई-म्हशी मिळून तीस कोटींच्या वर. आपल्या ताटातला मिथेनचा मोठा वाटा कुठून येतो, हे कळायला एवढे दोन आकडे पुरेत.

इथे थोडं थांबतो, कारण राग चुकीच्या माणसावर जायला नको. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल येतं तेव्हा कितीतरी घरांत किराणा भरला जातो, पोरांची फी जाते. म्हैस माणसाला न पचणारा कडबा खाऊन दूध देते, शेणखत देते. तिला दोष नाही आणि तिच्या मालकिणीला तर नाहीच. गोठ्यात मिथेन कमी होतो तो लिटरमागे: कडब्याची कुट्टी करून घातली, हिरवा चारा आणि पेंड मापात दिली, खनिज मिश्रण चुकवलं नाही, भाकड काळ लांबला नाही, की तेवढ्याच ढेकरांत दूध वाढतं. घरचं दूध, ताक, पोराच्या वाटीतलं दही सोडा असं कुणी म्हणत नाही. सणासुदीची बासुंदी करा, पोटभर करा. पण प्रत्येक कार्यात दोन-दोन पनीरच्या भाज्या हव्यातच, हे आपल्याकडे कधी ठरलं? वाल, मटकी, हुलगे, पावटे, चवळी हे सगळं आपल्याच मातीतलं असताना?

या कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात. म्हणून युरिया फारसा लागत नाही. तो बनवायला जळणारा गॅस वाचतो आणि शेतातून उडणारा नायट्रस ऑक्साइड हा तापवणारा वायूही. भाताचं तसं नाही. साचलेल्या पाण्यातल्या भातखाचरातूनही मिथेन निघतो, म्हणून एक वेळ भाकरी.

१ मेच्या जेवणाला हे करून बघा. २० किलो पनीरच्या जागी १२ किलो मटकी आणि ३ किलो शेंगदाणे. प्रोटीन जवळजवळ तेवढंच, साडेतीन किलो. कार्बन तीनशेच्या जागी तीस-पस्तीस. मटकी निवडताना खडे काढा, भिजल्यावर गणंग, म्हणजे न फुगलेले टणक दाणे, वेचा, नाहीतर पंगतीत कुणाचा तरी दात जाईल. या उकाड्यात सात-आठ तासांपेक्षा जास्त भिजवू नका. पाण्याला फेस आला, बुळबुळीत तार सुटली की आंबूस वास आलाच. बारा किलोचं एकच गाठोडं बांधलंत तर मधली मटकी आपल्याच उष्णतेने तापून आंबते. दीड-दोन किलोच्या सैल पुरचुंड्या बांधा, ओल्या सुती पंचात, सावलीत, हवेशीर टांगून. दर तीन-चार तासांनी पाणी शिंपडा. रात्री बांधलेल्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्धा इंच मोड येतात. शिजवताना कोकम, चिंच, टोमॅटो शेवटी. आंबट आधी पडलं की दाणा दडदडीत राहतो आणि आचारी गॅस वाढवत बसतो. शेंगदाणे वेगळे भिजवून-उकडून मग घाला. बरोबर भाकरी, ताक, कांदा.

आणि उरलेलं. आजच्या जेवणानंतर माखनवाल्याच्या दोन बादल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या. शंभर लिटर दुधातलं एवढं दूध डेपोच्या ढिगाऱ्यात, हवा न लागता कुजून पुन्हा मिथेनच होणार. आवारातल्या खताच्या खड्ड्यात तेलकट ग्रेव्ही थेट ओतली तर अळ्या पडतात, वास येतो. एक भाग ओल्याला दोन भाग सुका पालापाचोळा, तीन-चार दिवसांनी खालवर, मुठीत दाबलं तर थेंबभरच पाणी सुटावं इतकी ओल. कुजक्या अंड्याचा वास आला तर हवा कमी पडतेय, अजून पाला घाला. पण मुळात मोजून शिजवलं असतं तर एवढं उरलंच नसतं.

मावशींचं सकाळपासून डोळ्यांसमोरून जात नाही. त्या भांडल्या नाहीत. कागद वाचता येत नव्हता म्हणून वॉचमनला विचारलं, त्याने वाचून दाखवला, त्या म्हणाल्या, “मंग आमी बाहेर बसतो.” ज्या समुद्राची पातळी वाढतेय त्याच्या काठावर घर असलेल्या बाईला आपण पृथ्वी वाचवण्यासाठी उन्हात बसवलं.

तो कागद अजून गेटवर आहे. आज रात्रीच काढा. मावशींचा पुढचा वार शुक्रवार आहे, सकाळी दहाला.