रंगीत टोपणनाव दिसत नाही, म्हणजे प्लगिन बिघडले असे नव्हे

मुंबईतल्या शाळा-कॉलेजांतली मुले आपापसांत माइनक्राफ्ट या संगणक-खेळाचे जे सर्व्हर चालवतात, त्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: इसेन्शियल्सएक्स या प्लगिनमधून (सर्व्हरला जोडायच्या पूरक प्रोग्राममधून) ठेवलेले टोपणनाव रंगीत दिसत नसेल तर प्लगिन बिघडले आहे; खेळाडूला ऑप (सर्व्हरचा प्रशासक) करा, & ऐवजी § वापरा (दोन्ही रंगाच्या संकेताआधी लावायची चिन्हे), मग रीलोड द्या (सर्व्हरला सेटिंग पुन्हा वाचायला लावा); खेळात पात्राच्या डोक्यावर दिसणारे नाव तरीही पांढरेच राहिले तर प्लगिन बदला; मराठी नाव ठेवू नका, त्याने रंग जातो; आणि सर्व्हर सिंगापूरचा असेल तर मुंबईचा घ्या. यातला एखादा उपाय कुणाला तरी योगायोगाने लागू पडला असेल. पण रंग नेमका कोठे अडला, हे यातल्या एकाही सूचनेत विचारलेले नाही.

ऑप केल्यावर रंग येतो, हे खरे आहे, आणि म्हणूनच हा सल्ला सर्वांत घातक आहे. टोपणनाव ठेवण्याची परमिशन आणि त्यात रंग वापरण्याची परमिशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठळक-तिरप्या अक्षरांची, थरथरणाऱ्या अक्षरांची आणि हेक्स रंगांची (सहा अंकी संकेताने निवडलेल्या हव्या त्या छटांची) परमिशनही स्वतंत्र आहे. रंगाची परमिशन नसेल तर प्लगिन & चे रूपांतर करत नाही, ते चिन्ह नावात तसेच राहते. मूळ सेटिंगनुसार नावात रोमन अक्षरे, अंक, अंडरस्कोर आणि § एवढेच चालते, त्यामुळे & दिसताच नाव नाकारले जाते आणि पडद्यावर सूचना येते की नावात फक्त अक्षरे व अंक असावेत. रंगाचा किंवा परमिशनचा उल्लेखही न करणारी ही सूचना वाचून मुले प्लगिनला दोष देतात, यात त्यांचे फारसे चुकत नाही. मात्र त्यावरचा उपाय म्हणून ऑप देणे म्हणजे मूळ मांडणीत चौथ्या, सर्वोच्च पातळीचा अधिकार देणे. असा खेळाडू सर्व्हर बंद करू शकतो, इतरांना बॅन करू शकतो आणि आणखी कुणालाही ऑप करू शकतो. त्याऐवजी लकपर्म्समध्ये (परमिशन वाटणाऱ्या प्लगिनमध्ये) त्या खेळाडूच्या गटाला ‘इसेन्शियल्स डॉट निक डॉट कलर’ ही एक परमिशन द्यावी, आणि तरीही शंका उरली तर त्यातली व्हर्बोज ही तपासणी-नोंद चालू करून कोणती परमिशन तपासली गेली व उत्तर काय मिळाले, ते पाहावे.

परमिशन असूनही नाव नाकारले गेले तर लांबी तपासावी. टोपणनावाची मूळ मर्यादा १५ वर्णांची आहे आणि वेगळे सांगितले नाही तर रंगाचे संकेतही त्यात मोजले जातात. साधा रंग दोन वर्ण खातो. हेक्स रंग, जो माइनक्राफ्टमध्ये २०२० साली १.१६ आवृत्तीपासून आला, रूपांतरानंतर १४ वर्ण घेतो. म्हणजे नावासाठी एकच अक्षर उरते. रंगांचे संकेत लांबीत न धरण्याची सोय प्लगिनच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये दिलेली आहे, ती चालू करावी.

§ चा सल्ला चॅटपुरता अशक्यच आहे, कारण खेळ ते चिन्ह टाइप करू देत नाही. फाइलमध्ये ते चालते. पण यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) त्याला दोन बाइट लागतात, आणि फाइल दुसऱ्या एन्कोडिंगने वाचली गेली की § च्या आधी टोपी घातलेले एक रोमन अक्षर उमटते. सर्व्हर ज्यावर चालतो त्या जावाच्या १८ व्या आवृत्तीपूर्वी विंडोजवर हे सहज घडत असे. & आहे तो याच कटकटी टाळण्यासाठी.

रीलोडबद्दल थोडक्यात: लकपर्म्समधला बदल लगेच लागू होतो, आणि इसेन्शियल्सएक्सला स्वतःची रीलोड कमांड आहे. सगळा सर्व्हर रीलोड करण्याने इतर प्लगिनच अर्धवट अवस्थेत अडकण्याचा धोका असतो.

डोक्यावरच्या नावाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण प्लगिन बदलण्याचे निर्णय याच गैरसमजातून होतात. टोपणनाव हे चॅटसाठीचे प्रदर्शन-नाव आहे. डोक्यावर दिसते ते खात्याचे नाव, आणि त्याचा रंग स्कोअरबोर्डच्या टीमवरून (खेळातल्या खेळाडूंच्या गटावरून) ठरतो, तोही ठरावीक १६ रंगांपैकी एक. टॅब लिस्ट, म्हणजे टॅब दाबल्यावर दिसणारी खेळाडूंची यादी, ही तिसरी जागा. तिच्यासाठी वेगळी सेटिंग आहे. चॅटमध्येही रंग नसेल तर चॅटचे स्वरूप कोणते प्लगिन ठरवते ते शोधावे: इसेन्शियल्सएक्स चॅट हे वेगळे जार (प्लगिनची फाइल) आहे, आणि स्वरूपात प्रदर्शन-नावाऐवजी खात्याचे नाव मागितले असेल तर टोपणनाव तिथे पोचतच नाही. मिनीमेसेज ही रंग लिहिण्याची वेगळी पद्धत वापरणाऱ्या चॅट प्लगिनला तर § चे जुने संकेत मान्यच नाहीत. तेव्हा चॅटमध्ये हिरवे आणि डोक्यावर पांढरे नाव दिसणे हा बिघाड नसून अपेक्षित वर्तन आहे.

सिंगापूर-मुंबईचा वाद इथे गैरलागू आहे. जवळच्या सर्व्हरने पिंग (संदेश जाऊन-येण्याचा वेळ) कमी होतो आणि लढाईत त्याचा फायदा जाणवतो, हे मान्य. पण रंग त्याच मजकुराबरोबर टीसीपीवरून (हरवलेला मजकूर पुन्हा पाठवणाऱ्या जोडणीवरून) येतो, तो वाटेत गळून पडत नाही.

राहिले मराठी नाव. ‘किरण’ देवनागरीत लिहिले की नाकारले जाते ते नाव, रंग नव्हे. वर सांगितलेल्या नियमात देवनागरी बसतच नाही. नावाचा नियम कॉन्फिग फाइलमध्ये बदलता येतो, परंतु कोणत्याही लिपीतील ‘अक्षरे’ चालतील एवढेच लिहून भागत नाही: युनिकोड या सर्व लिप्यांच्या वर्णसंचात काना, वेलांटी, मात्रा ही अक्षरे नसून चिन्हे गणली जातात. त्यामुळे ‘कमल’ स्वीकारले जाईल आणि ‘किरण’ अडेल. नियमात चिन्हांचाही वर्ग घालावा, किंवा देवनागरीचा पूर्ण पट्टा द्यावा, आणि त्यातून § चुकूनही वगळू नये. ते वगळले तर मात्र प्रत्येक रंगीत नाव खरोखरच नाकारले जाईल.