गाजलेलं गाणं आधी नकोच!
जोडीदाराला आवडत्या बँडची ओळख करून द्यायची तर गाणी भरून दिलेल्या कॅसेटची सुरुवात त्या बँडच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याने करा, हा तुमच्या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. समोरच्याचा कान कशावर तयार झालाय ते आधी बघायला हवं. माझी बायको मिरजेची, तंबोरे जुळवताना ऐकतच लहानाची मोठी झालेली. लग्न ठरल्यावर मी सांगलीहून तिच्यासाठी ‘इंडियन ओशन’ या फ्यूजन रॉक बँडची कॅसेट भरली, तेव्हा ‘कंदिसा’ (२०००) अल्बमचं गाजलेलं शीर्षकगीत मुद्दाम बी साइडला ठेवलं आणि पहिलं घेतलं नर्मदेवरचं ‘मा रेवा’. लोकगीताची चाल, त्यामुळे ती लगेच रमली. बँडचे असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवताच गायचे हे कळल्यावर तर तिने सगळी कॅसेट परत पहिल्यापासून ऐकली.

आणि लेखात वेळेच्या हिशोबाबद्दल काहीच कसं नाही? नव्वद मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला ४५ मिनिटंच मिळतात, त्यात या बँडची गाणी लांबलचक. शेवटचं गाणं मध्येच तुटलं की सगळा रंग जातो. भरून झाल्यावर वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन्ही तुकडे आठवणीने मोडायचे, म्हणजे त्यावर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. आमची कॅसेट त्यामुळेच अजून शाबूत आहे.