पगार उशिरा, समाधान वेळेवर

बडोद्यात व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशकाची नोकरी लागली? अभिनंदन. आता आधी दांडिया बाजारातल्या लग्नकार्यांना जाणं बंद करा. तिथे एक काका भेटतातच. "1960 मध्ये राज्य झालं तेव्हापासून गुजरातेत दारूबंदी. मग तुम्ही दिवसभर करता काय गं?" असं ते विचारतात, आणि विचारताना तोंडात वेलदोडा असतो. काकांकडे प्रकृतीच्या कारणावरून दारू बाळगायचा आरोग्य परवाना आहे, प्रकृती मात्र ठणठणीत. चिडू नका. पाचेक वर्षांत ते तुमच्याच टेबलासमोर बसणार आहेत, आत्तापासून गोड बोला.

समाधानाचं म्हणाल, तर या नोकरीत ते पगाराच्या बदल्यात मिळतं. 7 तारीख उलटून खातं कोरडंच असलं की कार्यालयात चौकशीला जा. "अनुदान अडकलंय हो, पण आशीर्वाद किती मिळतात!" असं ऐकायला मिळेल. आशीर्वाद वहीत मांडून किराणावाल्याला दाखवायचे. माझा किराणावाला भाविक आहे, तरी त्याने वही परत केली.

रात्रपाळी आवर्जून मागून घ्या, तिथे समाधान दाट असतं. शेवटचा घोट पोटात गेल्यावर दोन-तीन दिवसांनी माणूस थरथर कापू लागतो, भिंतीवर किडे बघतो, तुम्हाला पोलीस समजून पोटलीवाल्याचं, म्हणजे पिशवीतून चोरटी दारू विकणाऱ्याचं, नाव-गाव सांगतो. ब्रदर एक, पेशंट 22, डॉक्टर फोनवर. तुम्ही त्याचा हात धरून, तो कोण, आज वार कुठला, हे पुन्हा पुन्हा सांगत बसायचं. पहाटेपर्यंत तुमचाच वार चुकतो. दारूच्या पक्क्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतो, असं केंद्र सरकारचा 2019 चा अहवाल म्हणतो. उरलेले 37 एकदम दाराशी आले तर, असा विचार अशा वेळी करू नये. मी केला होता. चहाचा कप बशीवर वाजायला लागला.

मग सुटी झालेला पेशंट महिन्याभरात पुन्हा पितो. बायको, सासरे, मेव्हणा अशी वरात येते. "तीन महिने ठेवलंत ना, मग केलंत काय?" उपचारानंतर पुन्हा घसरण्याचं प्रमाण 40 ते 60 टक्के असतं, रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांची कथाही फारशी वेगळी नाही, हे त्यांना सांगायला जाऊ नका. लोणचं खाऊन कुणाचा रक्तदाब वाढला तर डॉक्टरांना जाब विचारायला वरात जात नाही, हेही मनातच ठेवा. सरळ माफी मागा. माफी मागण्यातही एक समाधान आहे, सवयीने कळतं.

एवढ्यावर थकवा आलाच, तर अभिमान बाळगा. 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 'बर्नआउट'वर लिहिलं, ते न्यू यॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणारी माणसं बघून. नशेत बुडालेली पोरं तिथे यायची, आणि राबणाऱ्यांत तो स्वतःही होता. म्हणजे हे दुखणं आपल्या घराण्याचं, बाकीच्या कंपन्यांनी ते नंतर उसनं नेलं. त्यावर उपाय म्हणून तुमच्यासाठी तणावमुक्तीचं शिबिर ठेवतील. रविवारी, बिनपगारी, हजेरी सक्तीची.

26 जूनला नशाविरोधी दिन असतो. फलकाचा बांबू धरायचा मान तुमचा.

राजीनामा लिहून ड्रॉवरमध्ये ठेवायला हरकत नाही. माझा तिसरा आहे. पहिले दोन मीच फाडले. आमच्या गटसभेत असं वागणाऱ्याला काय म्हणतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. तिथे मीच रोज सांगते, कायमची शपथ घेऊ नका, फक्त आजच्या दिवसापुरतं बोला.

मागच्या गुरुवारी मात्र नक्की ठरलं होतं. पर्स उचलली, कागद हातात घेतला, आणि वॉचमन धावत आला. "बेन, पेलो तमारो पेशंट आव्यो छे. फुल आहे."

सहा महिन्यांपूर्वी सुटी झालेला तो फाटकाला टेकून उभा होता. एका हातात सेव-उसळीची पिशवी, रस्सा अर्धा पँटवर.

"ताई, पिऊन आलोय," तो म्हणाला. "पण आलोय."

अशा वेळी काय करायचं, ते सांगते. खुर्ची पुढे करा, पाणी द्या, ब्रदरला रक्तदाब बघायला सांगा. घरी फोन करून उशीर होईल म्हणून कळवा. आणि तो कागद ड्रॉवरमध्ये परत ठेवा, फक्त आजच्या दिवसापुरता.