ट्रॅपिस्ट-१ ई : कशाला आकड्यांचा आधार, कशाला कल्पनेचा

नमस्कार. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ई या ग्रहावरच्या माझ्या लेखात मी तिथलं आकाश, उजेड आणि वारा रंगवला होता. त्यावर तुमचा आक्षेप असा की, जो ग्रह ४० प्रकाशवर्षं दूर आहे, ज्याचा साधा ठिपकाही कुणी वेगळा पाहिलेला नाही, त्याच्या आकाशाचं आणि वाऱ्याचं वर्णन करणं म्हणजे विज्ञानाच्या नावावर कादंबरी खपवणं. आक्षेप गंभीर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठिपका दिसलेला नाही, हे अगदी खरं. दिसतो तो फक्त तारा. दर ६.१ दिवसांनी ग्रह समोरून गेला की (याला अधिक्रमण म्हणतात) ताऱ्याचा प्रकाश जेमतेम अर्धा टक्का मंदावतो, तेवढीच या ग्रहाची खूण. पण तेवढ्यावरून आकार निघतो: पृथ्वीच्या ०.९२ पट. तिथले सात ग्रह एकमेकांना ओढत असल्यामुळे त्यांची अधिक्रमणं काही मिनिटं मागेपुढे होतात आणि त्या फरकातून वस्तुमान हाती येतं: पृथ्वीच्या सुमारे ०.७ पट.

आता तुम्हाला सर्वांत जास्त खटकलेलं वाक्य घेऊ, ‘शेजारचा ग्रह चंद्राएवढा दिसेल’. यात कल्पना नाही, त्रिकोणमिती आहे. ई आणि त्याच्या बाहेरच्या कक्षेतला एफ अगदी जवळ येतात तेव्हा दोघांत साधारण १४ लाख किलोमीटर अंतर उरतं. एफ पृथ्वीपेक्षा किंचित मोठा. व्यासाला अंतराने भागून पाहा, अर्ध्या अंशाच्या आसपास कोन येतो. आपला चंद्रही तेवढाच दिसतो. शिवाय त्या वेळी तारा ईच्या पलीकडच्या बाजूला असतो, म्हणजे एफ दिसणार तो रात्रीच्या आकाशात आणि पुरता उजळलेला. आतल्या कक्षेतला डी जवळ आला की मात्र त्याची काळोखी बाजू ईकडे असते. हे सगळं कक्षांच्या मोजमापातून आपोआप येतं.

उजेडाचंही तसंच. अशा थंड ताऱ्याखालचं जग लालभडक रंगवण्याची पद्धत पडली आहे. मी ते टाळलं, कारण ताऱ्याचं तापमान सुमारे २,५५० केल्व्हिन आहे आणि जुन्या बल्बमधली टंगस्टनची तार जवळपास तितकीच तापते. म्हणून पिवळसर नारिंगी लिहिलं.

वाऱ्याची गोष्ट वेगळी. ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी, हे ताऱ्याच्या जवळिकीवरून काढलेलं अनुमान आहे, निरीक्षण नव्हे. तिथे हवा आहे का, हेही ठरलेलं नाही. त्या परिच्छेदाची सुरुवातच ‘हवा असेल तर’ अशी आहे, आणि ते तीन शब्द मी मुद्दाम आधी ठेवले.

मग कल्पना करायचीच कशाला? कारण काय मोजायचं, ते तिच्यामुळे कळतं. याच ताऱ्याभोवतीच्या बी ग्रहाचं बघा. हवा असेल तर वारे उष्णता रात्रीच्या बाजूला नेतील आणि दिवसाची बाजू त्या मानाने कमी तापेल, असं चित्र आधी मांडलेलं होतं. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने ती बाजू मोजली तर सुमारे २३० अंश सेल्सिअस भरली, हवा नसेल तर अपेक्षित होती जवळपास तितकीच; हा निकाल २०२३मध्ये जाहीर झाला. म्हणजे उष्णता वाहून न्यायला दाट हवा तिथे नाही. आधी ते चित्र नसतं, तर हा आकडा नुसता आकडाच राहिला असता.

ईच्या बाबतीत वेबच्या पहिल्या निरीक्षणांतून निकाल लागला नाही. हवेची खूण ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात शोधतात, पण ताऱ्यावरचे डागच त्यात गोंधळ घालतात, म्हणून आणखी अधिक्रमणं बघावी लागताहेत. उद्या हवा नाही असं ठरलं तर माझा वाऱ्याचा परिच्छेद जाईल, त्याच्यासोबत संधिप्रकाशही जाईल, कारण तोही हवेमुळेच दिसतो. चंद्राएवढा एफ मात्र राहील.